थेंबाचा मुक्काम

औषधाचा एक थेंब पापणीच्या आत पडल्यापासून तो गालावर, नाकात आणि घशात नाहीसा होईपर्यंत जो काळ जातो तो फार थोडा, बहुधा पाच मिनिटांच्या आतबाहेरचा असतो. आणि प्रस्तुत ग्रंथाची पृष्ठसंख्या पाहून ज्याला नवल वाटेल त्याला आरंभीच सांगून ठेवले पाहिजे की, हा सारा ग्रंथ मुख्यत्वेकरून त्या पाच मिनिटांविषयीचा आहे. नेत्रपृष्ठावर, म्हणजे पारपटल, त्याच्या भोवतीची नेत्रश्लेष्मकला आणि या दोहोंवर पसरलेले अश्रूंचे पटल यांवर औषध कसे पोहोचवावे, पोहोचलेले कसे टिकवावे आणि टिकलेल्यापैकी आत कितीसे जाऊ द्यावे, हा प्रश्न वरकरणी औषधांच्या कारखान्यातला, सामान्य वाचकाने लक्ष घालण्याजोगा नसलेला असा वाटतो. तथापि डोळे आले म्हणून, काचबिंदू झाला म्हणून किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्याने ज्याने बाटलीचे झाकण काढून मान मागे टाकली आहे, तो प्रत्येक मनुष्य या प्रश्नाशी नकळत का होईना झगडून चुकलेला आहे.

प्रथम या व्यवहाराचा जमाखर्च पाहावा. उघड्या डोळ्यावर कोणत्याही क्षणी असणारे अश्रू सुमारे ७ मायक्रोलिटर, म्हणजे लिटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सातपट, एवढेच असतात. पापण्यांच्या आतल्या पोकळीत फार तर ३० मायक्रोलिटर द्रव बाहेर न सांडता क्षणभर राहू शकतो. आणि आपण ज्या प्लास्टिकच्या बाटलीतून थेंब टाकतो, तिच्या तोंडातून एका वेळी ३० ते ५० मायक्रोलिटर द्रव बाहेर पडतो. भरल्या घागरीत दुसरी घागर ओतावी तसा हा प्रकार असल्यामुळे थेंबातील पुष्कळसा भाग पहिल्या उघडझापीबरोबर गालावर येतो, आणि जो मागे राहतो तो मिनिटाला सुमारे एक मायक्रोलिटर या वेगाने नव्याने येणाऱ्या अश्रूंत मिसळून पातळ होत, नाकाकडील कोपऱ्यातल्या दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रुनलिकेत उतरतो. याचा परिणाम असा की, डोळ्याच्या आतील पाण्यापर्यंत जे पोहोचायचे असते ते औषध बहुतेक वेळा टाकलेल्या मात्रेच्या पाच टक्केही तेथे पोहोचत नाही. ज्या खात्यात शंभर रुपये मंजूर होऊन पाचही खर्ची पडत नाहीत, त्या खात्याची चौकशी व्हायला हवी; आणि अशी चौकशी, चमत्कारिक वाटेल, अमेरिकेच्या न्यायालयांत खरोखरच झालेली आहे. तेथील काचबिंदूच्या काही रुग्णांनी औषध कंपन्यांवर असे दावे लावले की, डोळ्यात मावतो त्याहून मोठा थेंब पडेल अशी बाटली विकून कंपन्या आम्हांला वाया जाणाऱ्या औषधाचेही पैसे द्यायला लावीत आहेत. २०१७ साली शिकागोच्या अपील न्यायालयाने असा एक दावा, यात कायद्याने दाद मागण्यासारखी इजाच नाही, असे म्हणून काढून टाकला. आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने तशाच दुसऱ्या दाव्यातील फिर्यादींना दाद मागण्याचा हक्क आहे असे ठरविले. दोन न्यायासनांचे एकमत होऊ नये इतका हा थेंब मोठा आहे खरा.

परंतु वाया जाणे हा या व्यवहारातील सौम्य दोष होय. अश्रुनलिकेतून नाकात उतरलेले औषध तेथील श्लेष्मकलेतून सरळ रक्तात शिरते, आणि गिळलेल्या गोळीला यकृताची जी तपासणी लागते ती त्याला लागत नाही. १९७८ साली अमेरिकेत काचबिंदूसाठी टिमोलोल मान्य झाले, तेव्हा त्याने दिवसातून दोन थेंबांत जे साधले ते जुन्या औषधांना साधत नव्हते. पण दम्याच्या रोग्याने ते घेतले असता श्वासनलिका आवळली जाते, नाडी मंदावते, आणि डोळ्यात टाकलेल्या थेंबाने मनुष्य दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय दफ्तरी नोंदली गेली आहेत. यावर उपाय काय निघाला? थेंब टाकल्यावर पाच मिनिटे डोळा मिटून ठेवावा, किंवा नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दाबून धरावा. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एवढ्याने रक्तात जाणारे औषध साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले, आणि डोळ्यात ते अधिक काळ राहिले हा लाभ वेगळाच. या ग्रंथात पुढे नॅनोकणांपासून औषधी भिंगांपर्यंत अनेक नवलाच्या युक्त्या वर्णन केल्या आहेत. परंतु खर्च आणि फळ यांची तुलना केली तर या बोटाच्या युक्तीला मागे टाकील अशी एकही मला त्यांत आढळली नाही. आणि तरीही चिठ्ठी लिहून देणाऱ्यांपैकी किती जण ती रोग्याला करून दाखवतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

औषध डोळ्यावर टिकत नाही ही अडचण नवी नाही, आणि ती ओळखणारेही नवे नाहीत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात क्रियाकल्पाचा जो अध्याय आहे त्यात आश्च्योतन, सेक, तर्पण, पुटपाक आणि अंजन असे नेत्रोपचाराचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आश्च्योतन म्हणजे आजचा थेंब. लेखन, स्नेहन आणि रोपण या हेतूंप्रमाणे त्याची संख्या सात-आठ, दहा आणि बारा अशी नेमून दिलेली आहे. पण तर्पणाची कृती पाहिली म्हणजे तिच्यामागील विचार अधिक लक्ष वेधून घेतो: उडदाच्या पिठाची पाळ डोळ्याभोवती बांधायची, तिच्यात पातळ केलेले तूप भरायचे, आणि रोगाचे स्थान पाहून कमीअधिक मात्रा मोजून होईपर्यंत ते तेथेच ठेवायचे. थेंब वाहून जातो, म्हणून वाहून जाण्याची वाटच अडवायची, आणि किती वेळ अडवायची याचे माप रोगावर ठरवायचे, एवढे त्यांत स्पष्ट आहे. अंजनाच्या बाबतीतही गुटिका, रस आणि चूर्ण असे तीन प्रकार करताना एकच द्रव्य कोणत्या रूपात द्यावे हा विचार त्या वैद्यांनी केला होता. यावरून आधुनिक औषधशास्त्र आमच्या पूर्वजांच्या ग्रंथांत होतेच असे म्हणण्याची जी खोड आपल्याकडे आहे, तिला मी उत्तेजन देऊ इच्छीत नाही. तुपाच्या त्या पाळीखाली पारपटलात काय घडते ते सुश्रुताला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे साधनही नव्हते. प्रश्न मात्र त्याने नेमका धरला होता.

पारपटलात काय घडते हे कळल्यावर अडचण कमी न होता वाढली. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक जाडीचा हा पारदर्शक पडदा. त्याचा वरचा पाचसहा पेशींचा थर पेशीपेशींमधील घट्ट सांध्यांनी असा बांधलेला की पाण्यात विरघळणारे द्रव्य त्यातून सहसा शिरत नाही, स्निग्ध द्रव्यच काय ते शिरते. आणि त्याच्या खालचा, एकंदर जाडीचा सुमारे नऊ-दशांश भाग व्यापणारा थर उलट पाण्याने ओथंबलेला, ज्यात स्निग्ध द्रव्य अडकून बसते. म्हणजे आत जाऊ पाहणाऱ्या औषधाने प्रथम तेलाचा आणि मग पाण्याचा स्वभाव दाखवला पाहिजे. ही दुहेरी अट सर्वांत देखण्या रीतीने पुरी झाली ती १९९६ साली अमेरिकेत मान्य झालेल्या लॅटॅनोप्रोस्टमध्ये. कोलंबिया विद्यापीठाचे लाझ्लो बिटो आणि स्वीडनमधील योहान श्टेर्नशांट्स यांच्या परिश्रमांतून आलेले हे द्रव्य स्वतः निष्क्रिय असते. स्निग्ध असल्यामुळे ते वरचा थर ओलांडते, आणि ओलांडताना पारपटलातलीच विकरे त्याचे स्निग्ध शेपूट तोडून त्याचे सक्रिय, पाण्यात रुळणारे रूप मोकळे करतात. ज्याने अडवायचे त्याच्याच हातून परवाना मिळवण्याची ही तजवीज इतकी यशस्वी झाली की, दिवसातून दोनदा थेंब टाकणारा काचबिंदूचा रोगी रात्री एकदा टाकून निश्चिंत झोपू लागला.

येथे एका फसलेल्या यशाची हकिकत थोड्या विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण या ग्रंथातील जे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटले ते तिच्याविषयीचे आहे. उरुग्वेत जन्मलेले आलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात आल्झा नावाची कंपनी काढली, ती एकाच ध्यासाने: औषध किती द्यावे यापेक्षा ते किती वेगाने द्यावे याचा बंदोबस्त करावा. या ध्यासाचे पहिले मोठे फळ म्हणजे १९७४ साली बाजारात आलेले ऑक्युसर्ट. दोन तलम पडद्यांच्या मध्ये पायलोकार्पिन भरलेली, नखाएवढीही नसलेली ही लंबगोल चकती पापणीखाली सरकवून ठेवली की, ती सात दिवस तासाला २० किंवा ४० मायक्रोग्रॅम या ठरावीक वेगाने औषध सोडीत राही. पायलोकार्पिन हे १८७५ साली वेगळे काढलेले आणि लवकरच काचबिंदूत वापरात आलेले जुने औषध. त्याच्या प्रत्येक थेंबाबरोबर बाहुली आवळे, भुवई ठणके, नजर काही काळ अंधुक होई, आणि हे दिवसातून चार वेळा. चकतीने हे चढउतार जवळजवळ नाहीसे केले, औषधही थेंबांच्या मानाने फार थोडे लागू लागले. शास्त्राच्या दृष्टीने याहून अधिक काय हवे? पण काचबिंदू हा बहुधा वृद्धांचा रोग, आणि वृद्धांची बोटे थरथरत. चकती पापणीखाली बसवणे त्यांना जमेना, रात्री झोपेत ती निसटून जाई आणि निसटल्याचे दुसऱ्या दिवशीही कळत नसे, किंमत थेंबांच्या अनेक पट. आणि चार वर्षांत टिमोलोल आल्यावर तर दोन थेंबांच्या सोयीपुढे तिचा निभाव लागणे शक्यच नव्हते. पुढे ती बाजारातून उठली. ग्रंथकर्त्यांनी या अपयशाचे खापर किमतीवर फोडले आहे, आणि त्यापुरता माझा त्यांच्याशी मतभेद आहे. किंमत कालांतराने उतरली असती. थरथरणारे बोट मात्र स्थिर होण्याचा संभव नव्हता, आणि आराखडा आखणाऱ्यांनी सगळा हिशेब डोळ्याचा केला, हाताचा केलाच नाही.

चकतीनंतरचे कित्येक प्रयत्न हा धडा मनात ठेवूनच झालेले दिसतात. १९९३ साली आलेले टिमोलोलचे एक रूप बाटलीत पातळ असते आणि डोळ्यावर पडताच अश्रूंतील सोडियमच्या संगतीने घट्ट होते. यासाठी वापरलेला गेलन डिंक एका जिवाणूपासून मिळतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरनेच अश्रुनलिकेच्या तोंडात बसवायची, सुमारे महिनाभर दाहशामक डेक्सामेथासोन सोडून विरघळून जाणारी काडी २०१८ साली अमेरिकेत मान्य झाली. हिच्यात रोग्याच्या हाताला कामच उरले नाही. औषधात भिजवलेले मऊ भिंग वापरण्याची कल्पना, प्राग येथील ओट्टो विख्टेर्ले यांनी १९६१ साली घरच्या मुलांच्या यांत्रिक खेळण्याच्या भागांवर तशी भिंगे ओतून दाखवली त्याच दशकात पुढे आली होती, पण तिला अमेरिकेत मान्यता मिळायला २०२२ साल उजाडले, आणि तीही डोळ्यांच्या खाजेवरील एका औषधापुरती.

कोरड्या डोळ्यांच्या उपचाराची कथा निराळी, आणि तिच्यात करमणूकही कमी नाही. सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेच्या एका पठारावरील मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले आणि अवयवारोपणात त्याने युग पालटले. ते डोळ्याच्या पृष्ठभागावरील दाहालाही उपयोगी पडेल, हे जॉर्जिया विद्यापीठातील पशुवैद्य रेने कॅस्वन यांनी १९८० च्या दशकात कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्यांवर तेलातून ते वापरून दाखवले. पण सायक्लोस्पोरिनचा रेणू अवाढव्य आणि पाण्याशी त्याचे हाडवैर; तेव्हा माणसाच्या डोळ्यासाठी २००२ साली जे रेस्टॅसिस आले ते एरंडेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखरून केलेले पायस होते. या पायसाची पेटंटे टिकवण्यासाठी मालक कंपनीने २०१७ साली ती सेंट रेजिस मोहॉक या मूलनिवासी जमातीच्या नावे करून दिली, हेतू हा की, सार्वभौम जमातीला मिळणाऱ्या संरक्षणाच्या आड ती सुरक्षित राहावीत. मसलत फसली; टेक्सासच्या न्यायालयाने त्याच वर्षी ती पेटंटे रद्दबातल ठरवली. ध्यानात घेण्याजोगे हे की, सायक्लोस्पोरिन तोवर कोणाचीच मिरास उरले नव्हते, आणि कोट्यवधी डॉलरांचा तो तंटा सारा एरंडेल आणि औषध यांच्या प्रमाणाचा होता. पुढे मुंबईच्या सन फार्मा कंपनीचे सेक्वा २०१८ साली आले. त्यात तेल टाळून औषध मायसेल नावाच्या अतिसूक्ष्म गोळकांत बसवले आहे. २०२३ साली तर पाणी मुळीच नसलेल्या, अंशतः फ्लोरिनयुक्त द्रवातले सायक्लोस्पोरिन आले. त्या द्रवाचा पृष्ठताण इतका अल्प की त्याचा थेंब दहा मायक्रोलिटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यात मावेल एवढाच पडतो. शिकागोच्या न्यायालयात ज्याला दाद मिळाली नाही त्याचे गाऱ्हाणे रसायनशास्त्राने असे परस्पर ऐकले.

श्लेष्म्याच्या, म्हणजे अश्रुपटलातील चिकट द्रवाच्या बाबतीत संशोधकांनी आपले मत उलटे फिरवले, तो भाग या ग्रंथात विशेष चांगला उतरला आहे. औषध टिकवायचे तर त्याला श्लेष्म्याशी चिकटवावे, असा समज बराच काळ होता आणि त्यासाठी अनेक चिकट बहुवारिके बनवली गेली. पण श्लेष्मा स्वतःच सतत निपटून टाकला जातो. त्याला चिकटलेले औषध त्याच्याबरोबरच निघून जाणार, हे साधे अनुमान प्रत्यक्षात वापरायला बराच काळ लोटावा लागला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जस्टिन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, श्लेष्म्यातून काही विषाणू न चिकटता कसे सरकतात याचा विचार करून, आखूड पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा दाट थर दिलेले कण बनवले. ते श्लेष्म्याला न शिवता त्याच्या तळाशी, पेशींना लगटून असलेल्या आणि त्यामानाने स्थिर असलेल्या थरापर्यंत पोहोचतात. या पद्धतीने बनवलेले लोटेप्रेड्नॉल २०१८ साली शस्त्रक्रियेनंतरच्या दाहासाठी मान्य झाले आणि दिवसातून चारऐवजी दोन वेळा टाकणे पुरेसे ठरले.

परिरक्षकांचा प्रश्न मी थोडक्यात आटोपतो, कारण ग्रंथकर्त्यांनी त्याला दोन प्रकरणे दिली आहेत. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालण्यात येणारे बेन्झाल्कोनियम क्लोराइड पारपटलाच्या वरच्या थराचे सांधे सैल करते. त्यामुळे काही औषधे आत शिरायला मदतच होते, आणि वर्षानुवर्षे वापरणाऱ्याचा तोच थर झिजत जातो. ते वगळण्याचे प्रयत्न चांगले फळाला आले आहेत. सन फार्माचेच, त्याशिवाय बनवलेले लॅटॅनोप्रोस्ट २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. पण २०२३ साली भारतात तयार झालेल्या, परिरक्षक नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांतून औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास जंतू अमेरिकेत पसरला, काहींची दृष्टी गेली आणि काही दगावले, हेही विसरता येत नाही. परिरक्षक काढले की स्वच्छतेचा सारा भार कारखान्यावर आणि बाटलीच्या रचनेवर येऊन पडतो.

आता ग्रंथात जे मला उणे वाटले ते सांगणे प्राप्त आहे. नेत्रपृष्ठाच्या औषधयोजनेचे हे जे सारे वैभव आहे ते प्रायः काचबिंदू, कोरडे डोळे आणि शस्त्रक्रियेनंतरचा दाह यांच्याभोवती जमले आहे, कारण त्या रोग्यांना बाजारभाव देणे परवडते. आपल्याकडे उसाचे पान लागून, ज्वारीचे कुसळ जाऊन, मळणीचा भुसा उडून पारपटलावर जे बुरशीचे व्रण होतात, आणि बरे झाले तरी मागे फूल ठेवून जातात, त्यांच्यासाठी मुख्य औषध आजही नॅटॅमायसिनच, म्हणजे अमेरिकेत १९७८ साली मान्य झालेले पाच टक्क्यांचे पांढरे निलंबन होय. त्याचा रेणू मोठा, पारपटलात तो फारसा खोल जात नाही. म्हणून अधिक सहज शिरणारे व्होरिकोनाझोल सरस ठरेल अशी अपेक्षा होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दक्षिणेतील आपल्या इतर केंद्रांसह आणि अमेरिकी सहकाऱ्यांच्या साहाय्याने ३२३ रोग्यांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेने ती अपेक्षा खोटी ठरवली. विशेषतः फ्युजेरियम बुरशीच्या व्रणांत जुने, न शिरणारे नॅटॅमायसिनच पुष्कळ सरस निघाले, कारण ती बुरशी व्होरिकोनाझोलला मुळात दाद कमी देते. केवळ आत शिरण्याला यश मानणाऱ्या या शास्त्राने हा निकाल चांगला मनावर घ्यायला हवा. आणि त्याहूनही मनावर घ्यायला हवा तो त्या परीक्षेतील औषधाचा क्रम: पहिला आठवडाभर जागेपणी दर तासाला एक थेंब, त्यानंतर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत दर दोन तासांनी. इस्पितळाच्या खाटेवर हे परिचारिका करते. सुगीच्या दिवसांत एका डोळ्यावर हात ठेवून खळ्यावर परतलेल्या शेतमजुराने ते कसे करावे, याचे उत्तर सध्याच्या औषधयोजनेत नाही. दिवसाकाठी दोनदा टाकावे लागेल असे नॅटॅमायसिन ज्या दिवशी आपल्या तालुक्याच्या औषधदुकानांत मिळू लागेल, त्या दिवशी मायसेल आणि पायस यांवरील हा सारा खटाटोप या देशाच्या कामी आला असे मी म्हणेन. दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथकर्त्यांनी या विषयाला स्वतंत्र प्रकरण द्यावे अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

विषयाशी अपरिचित असलेल्या वाचकाने पहिली दोन, शरीररचनेची प्रकरणे तूर्त बाजूला ठेवून ऑक्युसर्टच्या प्रकरणापासून आरंभ करावा, आणि तेथून जेथे जेथे शंका येईल तेथे तेथे मागे वळावे. जे स्वतः दररोज थेंब टाकतात त्यांनी अश्रुनलिकेवरील प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. त्यात डोळ्याचा कोपरा नेमका कोठे आणि किती जोराने दाबायचा ते आकृतीसह दिलेले आहे.